लेखापरीक्षक भ्रष्टाचार उघड करतो की नुसता नोंदवून ठेवतो?

नोंदकर्ता :
नोव्हेंबर 2010 मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, टू-जी स्पेक्ट्रमवरचा अहवाल संसदेत मांडला गेला, तेव्हा मी महाविद्यालयात होतो. त्या अहवालातला संभाव्य नुकसानीचा 1,76,645 कोटी रुपयांचा आकडा आम्हा मित्रांना तोंडपाठ झाला होता. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 122 दूरसंचार परवाने रद्द केले आणि या देशात हिशेब मागणारे कोणीतरी आहे, असे आम्हाला मनापासून वाटले. पुढे 21 डिसेंबर 2017 रोजी विशेष न्यायालयाने माजी दूरसंचारमंत्र्यांसह सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. सीबीआयचे अपील दिल्ली उच्च न्यायालयाने 2024 मध्ये सुनावणीसाठी दाखल करून घेतले असले, तरी सामान्य माणसाच्या मनातला गोंधळ त्याने मिटलेला नाही.

तेव्हापासून कॅगच्या अहवालाची बातमी आली की आमच्या घरात दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणतो की चोरी पकडली गेली, आणि दुसरा म्हणतो की यातून काहीही निष्पन्न होणार नाही. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. राजकीय भ्रष्टाचार उघड करण्यात सरकारी लेखापरीक्षकाचा वाटा नेमका किती असतो आणि आपण त्याच्याकडून कशाची अपेक्षा धरावी, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

जमाखर्च :
मी स्थानिक संस्थांच्या लेखापरीक्षणात जवळजवळ तीन दशके काम करून निवृत्त झालो आहे. कॅगच्या तुलनेत आमचे काम फार लहान आकाराचे, पण पद्धत तीच असते. लेखापरीक्षक चोराला पाहत नाही, तो कागद पाहतो. प्रमाणक (व्हाउचर), रोखवही, झालेल्या कामाची मोजणी नोंदवण्याची मोजमाप पुस्तिका, साठा नोंदवही आणि मंजुरीचा आदेश हे कागद एकमेकांशी जुळतात का, एवढेच त्याच्या हाती असते. ते जुळत नसतील तेव्हा तो अर्धसमास पत्र देतो, म्हणजे कागदाच्या एका बाजूला आपला प्रश्न लिहितो आणि दुसरी बाजू कार्यालयाच्या उत्तरासाठी मोकळी ठेवतो. ती मोकळी बाजू कशी भरली जाते, किंवा भरलीच जात नाही, यावरून पुष्कळ काही कळते.

एक प्रसंग सांगतो. रस्त्याच्या एका कामाची मोजमाप पुस्तिका माझ्यापुढे आली. कामावर फिरलेल्या पुस्तिकेला मातीचे डाग असतात, पाने दुमडलेली असतात आणि शाई बदललेली असते. ही पुस्तिका मात्र कोरी करकरीत होती आणि चार महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच लयीत लिहिलेल्या होत्या. तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण एखाद्याचे अक्षर आणि टापटीप चांगली असू शकते. म्हणून मी कोऱ्या पुस्तिका कोणाला कधी दिल्या याची नोंदवही मागवली. ती पुस्तिका भांडारातून जुलैमध्ये बाहेर पडली होती आणि तिच्यातली पहिली मोजणी एप्रिलमधली होती.

मी आक्षेपात एवढेच लिहिले की पुस्तिका हाती येण्यापूर्वीची मोजमापे तिच्यात कशी नोंदवली गेली याचा खुलासा करावा, आणि तोवर संबंधित देयकाची रक्कम आक्षेपाधीन ठेवावी. ‘भ्रष्टाचार’ हा शब्द मी तेव्हा वापरला नाही आणि सेवेच्या सबंध काळात कोणत्याही अहवालात वापरला नाही. तो शब्द वापरण्याचा अधिकार माझा नव्हता.

रानपाखरू :
जमाखर्च, त्या मोकळ्या बाजूवर शेवटी काय उत्तर आले?

जमाखर्च :
जुनी पुस्तिका पावसात भिजली म्हणून नोंदी नव्या पुस्तिकेत उतरवून घेतल्या, असे उत्तर आले. भिजलेली पुस्तिका दाखवावी असे मी लिहिले. ती माझ्या बदलीपर्यंत सापडली नव्हती.

विधिज्ञा :
जमाखर्च यांनी जे सांगितले त्यातच मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर आले आहे. लेखापरीक्षणाचा परिच्छेद, म्हणजे अहवालात क्रमांक देऊन नोंदवलेला आक्षेप, आणि फौजदारी खटल्यातील पुरावा यांची मोजपट्टी वेगवेगळी आहे. नियम मोडला, निर्णयाचे कारण नोंदवले नाही, सरकारला मिळायला हवा होता तो पैसा मिळाला नाही, एवढे कागदावरून दाखवता आले की परिच्छेद उभा राहतो. खटल्यात मात्र अमुक माणसाने अमुक हेतूने हे केले आणि त्याचा मोबदला घेतला, हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. पैसा कोणत्या खात्यातून कोणाकडे गेला, हे शोधण्याचे अधिकार लेखापरीक्षकाला नाहीत. कॅगच्या अधिकारांविषयीच्या 1971 च्या कायद्याच्या कलम 18 नुसार तो कार्यालयाची तपासणी करू शकतो आणि हिशेब व कागदपत्रे मागवू शकतो, पण तो कोणाच्या घराची झडती घेऊ शकत नाही की कोणाला अटक करू शकत नाही.

टू-जी अहवालाची आठवण सगळे त्या एका आकड्यासाठी काढतात, हे मला खटकते. त्यातला खरा ऐवज कार्यपद्धतीविषयीचा आहे. अर्ज स्वीकारण्याची अखेरची तारीख 1 ऑक्टोबर 2007 अशी जाहीर झाली होती. नंतर प्रत्यक्ष विचारात घ्यायचे अर्ज 25 सप्टेंबरपर्यंतचेच असतील असे ठरवण्यात आले आणि ते जाहीर झाले 10 जानेवारी 2008 रोजी. त्याच दिवशी दुपारी अगदी थोड्या अवधीत इरादापत्रे घेण्यासाठी अर्जदारांना बोलावले गेले. काही अर्जदारांकडे त्या घोषणेच्या आधीच्या तारखांचे डिमांड ड्राफ्ट तयार होते, हे लेखापरीक्षकांनी दाखवून दिले. 122 पैकी 85 परवाने पात्रतेच्या अटी पूर्ण न करणाऱ्या कंपन्यांना दिल्याचेही अहवालात म्हटले आहे. 2012 मध्ये परवाने रद्द झाले ते या मनमानी पद्धतीमुळे. कोणी लाच घेतली का, हा 2017 च्या निकालातला प्रश्न वेगळा होता आणि त्याचे उत्तर फिर्यादी पक्षाला सिद्ध करता आले नाही. त्यामुळे पुढचा निकाल आला म्हणून आधीचा अहवाल खोटा ठरला, असे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने चुकीचे आहे.

साक्षेपी :
विधिज्ञा यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण त्या आकड्याची जबाबदारी इतक्या सहजपणे बाजूला ठेवता येणार नाही. त्या अहवालात संभाव्य नुकसानीचे एकाहून अधिक अंदाज होते आणि त्यांपैकी सर्वांत लहान 57,666 कोटींचा होता. पुढे सीबीआयने आरोपपत्रात धरलेले नुकसान सुमारे 30,984 कोटींचे होते. थ्री-जी लिलावाच्या दरावरून काढलेला सर्वांत मोठा आकडा तेवढा लोकांपर्यंत पोहोचला. कोळसा खाणपट्ट्यांच्या बाबतीतही ऑगस्ट 2012 मध्ये अंतिम अहवाल 1.86 लाख कोटींचा आला, पण त्याआधी मार्चमध्ये फुटलेल्या मसुद्यातला 10.67 लाख कोटींचा आकडा गाजून गेला होता. अनुमानित तोटा हा ‘अमुक मार्गाने गेले असते तर’ या गृहीतकावर उभा असतो. मग खटला उभा राहिला की आरोपीचा वकील त्या गृहीतकावरच घाव घालतो आणि कागदोपत्री भक्कम असलेले मुद्दे त्या गदारोळात हरवून जातात. माझ्या मते लेखापरीक्षकाने मोठ्या आकड्याचा मोह टाळला पाहिजे.

दुसरे असे की प्रत्येक आक्षेप म्हणजे अपहार नव्हे. ऑगस्ट 2023 मध्ये संसदेत मांडलेल्या आयुष्मान भारत योजनेवरील अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांची नोंद 9999999999 या एकाच मोबाइल क्रमांकावर असल्याचे दाखवले होते. मोबाइल क्रमांक ही ओळख पटवण्यासाठी सक्तीची बाब नसल्याने सुरुवातीच्या काळात कर्मचाऱ्यांनी काहीतरी भरून रकाना पुढे नेला, असे सरकारचे स्पष्टीकरण होते. ते काही प्रमाणात खरे असू शकते. द्वारका द्रुतगती मार्गाचा खर्च मंजूर 18.20 कोटींऐवजी दर किलोमीटरला 250.77 कोटींवर गेल्याचा आक्षेपही त्याच महिन्यातला. मंत्रालयाचे म्हणणे असे की उन्नत आणि बोगद्यातल्या आठपदरी रस्त्याची तुलना सरासरी दराशी करता येत नाही. लेखापरीक्षकाने प्रश्न विचारणे योग्यच आहे. आपण उत्तर येण्याआधी निकाल देतो, हे मात्र योग्य नाही.

विधिज्ञा :
साक्षेपी, आपला मुद्दा मला मान्य आहे, मात्र एक पुरवणी जोडते. ऑक्टोबर 2012 मध्ये कॅगच्या कार्यक्षमता लेखापरीक्षणाच्या अधिकारालाच आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली होती. कॅग म्हणजे ताळेबंद तपासणारा मुनीम नव्हे, संसाधनांचा वापर काटकसरीने आणि परिणामकारक झाला का हे पाहणे हे त्याचे कामच आहे, अशा आशयाचे मत नोंदवून न्यायालयाने ती फेटाळली. सरकारने एखादी वस्तू स्वस्तात देऊन टाकली असेल तर तिची खरी किंमत किती होती, हा प्रश्न टाळून लेखापरीक्षण पुरे होऊच शकत नाही. त्या किमतीच्या अंदाजातली अनिश्चितता पहिल्याच पानावर ठळकपणे सांगावी, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. 2013 मध्ये त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केले की कॅगचा अहवाल हा अखेरचा शब्द नसून तो संसदेच्या छाननीला आणि सरकारच्या उत्तराला पात्र असतो.

उत्तरवाहिनी :
खरा घोटाळा पकडायचा तर वेळेवर पकडायला हवा, आणि या बाबतीत बिहारच्या चारा घोटाळ्याइतके दुःखद उदाहरण दुसरे आठवत नाही. कोषागारांकडून मासिक हिशेब उशिरा येत आहेत आणि हे तात्पुरत्या अपहाराचे लक्षण असू शकते, असा इशारा तत्कालीन महालेखापरीक्षक टी. एन. चतुर्वेदी यांनी 1985 मध्ये राज्य सरकारला दिला होता. चाईबासा येथे उपायुक्त अमित खरे यांनी छापे घातले ते जानेवारी 1996 मध्ये. मधल्या अकरा वर्षांत पशुसंवर्धन विभाग मंजूर तरतुदीपेक्षा अधिक रक्कम कोषागारातून काढत राहिला. तपासात वाहनांचे क्रमांक पडताळले गेले तेव्हा ज्या ‘मालमोटारीं’तून जनावरे आणि चारा नेल्याचे दाखवले होते, त्यांतली काही वाहने स्कूटर निघाली.

मासिक हिशेब उशिरा आला, हे वाक्य वाचताना किती निरुपद्रवी वाटते. त्या एका वाक्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले असते तर पुढची लूट आटोक्यात राहिली असती. लालूप्रसाद यादव यांना पहिली शिक्षा झाली 2013 मध्ये आणि त्यामुळे त्यांची लोकसभेची जागा गेली. पहिल्या इशाऱ्यापासून तोवर 28 वर्षे उलटली होती.

दूरचा_वाचक :
इतर देशांचा अनुभव या धाग्याला उपयोगी पडेल असे वाटते. फिलिपिन्समध्ये खासदारांच्या विकासनिधीचे 2007 ते 2009 या काळातले विशेष लेखापरीक्षण ऑगस्ट 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना शेतीची अवजारे आणि खते मिळाल्याचे कागदावर होते, त्यांना लेखापरीक्षकांनी पत्रे पाठवून विचारले. आम्हाला काहीही मिळालेले नाही, अशी उत्तरे अनेक ठिकाणांहून आली आणि निधी बनावट स्वयंसेवी संस्थांमार्फत वळवल्याचे दिसून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती निधी योजनाच घटनाबाह्य ठरवली. ज्या तीन सिनेटरांवर लुटीचे खटले भरले गेले ते मात्र 2018 ते 2024 या काळात त्या मुख्य आरोपातून सुटले. नोंदकर्ता यांना टू-जीबाबत जी अस्वस्थता वाटते, तिचे हे जवळजवळ प्रतिबिंब आहे. तिथेही माणसे सुटली, पण ज्या वाटेने पैसा जात होता ती वाट बंद झाली. मला स्वतःला यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो.

ब्राझीलने 2003 पासून नगरपालिकांची सोडत काढून, ज्यांची नावे निघतील त्यांचे केंद्रीय निधीचे लेखापरीक्षण करायला सुरुवात केली. फेराझ आणि फिनान या अर्थतज्ज्ञांनी 2004 च्या निवडणुकीपूर्वी आणि नंतर अहवाल जाहीर झालेल्या नगरपालिकांची तुलना केली. जिथे गैरव्यवहार दिसला आणि अहवाल मतदानाआधी जाहीर झाला, तिथे महापौर पुन्हा निवडून येण्याची शक्यता घटली, आणि जिथे स्थानिक रेडिओ केंद्र होते तिथे ती अधिकच घटली. अहवाल लोकांपर्यंत वेळेत जाणे हाच परिणामाचा मोठा भाग असतो, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

आणखी एक सांगण्याचा मोह आवरत नाही. इंडोनेशियातील सहाशेहून अधिक गावांत रस्त्यांच्या कामांवर बेंजामिन ओल्केन यांनी प्रयोग केला. बांधलेल्या रस्त्याचे नमुने खणून काढून त्यात खरोखर किती साहित्य पडले आहे हे त्यांच्या चमूने मोजले. लेखापरीक्षण होण्याची शक्यता 4 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर नेल्यावर गायब होणारा खर्च सुमारे 8 टक्क्यांच्या बिंदूंनी कमी झाला. त्याच गावांत कामावर नातेवाईक लावण्याचे प्रमाण मात्र वाढले.

रानपाखरू :
हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. एक दार लावले की भ्रष्टाचार दुसरे शोधतो.

साक्षेपी :
दूरचा_वाचक यांनी मांडलेला वेळेचा मुद्दा आपल्याकडे सर्वांत दुखरा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 151 प्रमाणे अहवाल राष्ट्रपतींकडे किंवा राज्यपालांकडे जातो आणि तो संसदेपुढे किंवा विधिमंडळापुढे ठेवला जातो, परंतु तो किती दिवसांत ठेवावा याची मुदत त्या अनुच्छेदात नाही. ज्या सरकारवर आक्षेप आहेत त्याच सरकारच्या सोयीवर अहवाल केव्हा बाहेर येणार हे अवलंबून राहते. दिल्ली सरकारसंबंधीचे 14 अहवाल असेच अडकून पडले होते. विलंबाबद्दल उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये कानउघाडणी केली आणि त्यांतला मद्यधोरणावरचा अहवाल मांडला गेला तो सत्ताबदल झाल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस. मतदारांना तो मतदानाआधी वाचता आला असता तर त्यांनी काय केले असते, हा प्रश्न इथे गौण आहे. तो वाचण्याचा त्यांचा हक्क होता. पक्ष कोणताही असो, ही पळवाट सर्वांनाच सोयीची वाटते आणि म्हणूनच ती बुजवायला कोणी पुढे येत नाही.

कॅगचे अहवाल तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीचेही तेच. 1967 पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा चांगला संकेत आहे, पण 22 सदस्यांत बहुमत कोणाचे असते हे आपल्याला ठाऊक आहे. टू-जीवरचा तत्कालीन अध्यक्ष मुरली मनोहर जोशी यांचा मसुदा एप्रिल 2011 मध्ये समितीतल्या अकरा सदस्यांनी फेटाळला.

कणखर :
मला याच्याही मुळाशी जावेसे वाटते. संविधान सभेत 30 मे 1949 रोजी डॉ. आंबेडकर यांनी हे पद संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद असल्याचे म्हटले होते आणि त्याची कर्तव्ये न्यायव्यवस्थेपेक्षाही मोठी असल्याचे सांगितले होते. एवढ्या मोठ्या पदावरची नेमणूक आजही प्रत्यक्षात सरकारच करते, निवडीसाठी विरोधी पक्षाचा सहभाग असलेली कोणतीही समिती नाही. पदावरून काढणे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतके कठीण आहे आणि निवृत्तीनंतर सरकारी पद स्वीकारता येत नाही, हे संरक्षण चांगले आहे. राजकारणात जाण्याची वाट मात्र मोकळी राहते. चतुर्वेदी यांच्या कार्यकाळात जुलै 1989 मध्ये बोफोर्सवरचा अहवाल आला, त्यावरून विरोधी खासदारांनी मोठ्या संख्येने लोकसभेचे राजीनामे दिले, आणि पुढे चतुर्वेदी स्वतः भाजपचे राज्यसभा सदस्य झाले, नंतर राज्यपालही. अहवालातला मजकूर त्यामुळे चुकीचा ठरत नाही, पण ज्याला अहवाल नाकारायचा आहे त्याच्या हाती आयते कोलीत मिळते. नेमणुकीची पद्धत बदलल्याशिवाय बाकीच्या सुधारणा टिकणार नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

जमाखर्च :
कणखर यांचे मत वरच्या पातळीसाठी योग्य आहे. माझ्या अनुभवात मात्र लेखापरीक्षणाचा जीव जातो तो अनुपालनात. आक्षेप निघतो, उत्तर येते, ‘नोंद घेतली, भविष्यात दक्षता घेण्यात येईल’ एवढ्या शब्दांवर परिच्छेद वगळण्याची मागणी होते, आणि वर्षे लोटली की मूळ कागद, अधिकारी आणि ठेकेदार यांपैकी काहीही जागेवर उरत नाही. दक्षिण आफ्रिकेने 2018 मध्ये कायदा दुरुस्त करून महालेखापरीक्षकाला सुधारणा न करणाऱ्या अधिकाऱ्यावर, अखेरचा उपाय म्हणून, नुकसानीच्या वसुलीचे प्रमाणपत्र काढण्याचा अधिकार दिला. आपल्याकडेही स्थानिक संस्थांच्या पातळीवर अधिभाराची, म्हणजे नुकसान जबाबदार व्यक्तीकडून वसूल करण्याची, कल्पना जुनी आहे. ती नेटाने वापरली गेली असती तर माझ्या कित्येक सहकाऱ्यांना निवृत्तीच्या दिवशी आपले आक्षेप प्रलंबित यादीत सोडून जावे लागले नसते.

नोंदकर्ता :
सर्वांचे मनापासून आभार. माझा प्रश्न मी चुकीच्या ठिकाणी विचारत होतो, हे आता लक्षात आले. मी लेखापरीक्षकाकडून शिक्षेची अपेक्षा करत होतो, आणि शिक्षा ज्यांच्या हाती आहे त्यांना विचारायचे विसरलो होतो. आता एकच विचारतो. माझ्यासारख्या, कोणत्याही पदावर नसलेल्या माणसाला या साखळीत कुठे हात लावता येतो?

पूर्वा :
मी आतापर्यंत फक्त वाचत होते, पण या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे थोडेफार आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेबाबरोबर शेवटची लेखापरीक्षण टिपणी आणि तिला दिलेली उत्तरे ठेवावी लागतात. आमच्या गावात ती कधी ठेवली गेल्याचे कोणाला आठवत नव्हते. आम्ही चार-पाच जणींनी लेखी अर्ज देऊन पोच घेतली आणि ती टिपणी वाचून दाखवण्याची मागणी केली. दोन सभांमध्ये कोरमच नव्हता. तिसऱ्या सभेत टिपणी वाचली गेली.

बहुतेक परिच्छेद कोणाला कळले नाहीत. पण पाणीपुरवठ्याच्या नळवाहिनीचा परिच्छेद आला आणि त्यात किती मीटर पाइप कोणत्या वस्तीपर्यंत टाकला हे वाचले गेले, तेव्हा मागे बसलेल्या एक आजी उभ्या राहून म्हणाल्या, “अहो, आमच्या वस्तीत अजून चर खणलेला नाही, पाइप कुठनं आला?” लेखापरीक्षकाने कागद जुळत नसल्याचे लिहिले होते, साठा नोंदवहीत पाइपची आवक होती आणि वापराची नोंद नव्हती. जागेवर पाइप नाही, हे त्याच्या टिपणीत नव्हते. ते आजींना माहीत होते. दोन्ही गोष्टी एकाच सभेच्या इतिवृत्तात आल्या आणि त्याची प्रत आम्ही गटविकास अधिकाऱ्यांकडे दिली.

कोणाला अटक झाली नाही आणि कोणाचे पद गेले नाही. पुढच्या वर्षीच्या टिपणीत तो परिच्छेद कायम होता आणि त्याच्यापुढे ‘अंशतः वसुली, उर्वरित रक्कम प्रलंबित’ असा शेरा होता. या वर्षी उर्वरित रकमेचे काय झाले, हे विचारण्यासाठी आम्ही पुन्हा अर्ज दिला आहे.

जमाखर्च :
पूर्वाताई, अर्जात परिच्छेद क्रमांक आणि टिपणीचे वर्ष जरूर लिहा, आणि उत्तराबरोबर वसुलीच्या चलनाची प्रत मागा. ‘वसुली झाली’ असा शेरा आणि चलन यांच्या तारखा ताडून पाहा.